कपडा अंगाला की अंग कपड्याला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पॅरिसमध्ये १९९६ च्या ऑक्टोबर महिन्यात रेई कावाकुबो या जपानी बाईंनी आपले नवे कपडे मांडले. पुढच्या वर्षीच्या वसंत ऋतूसाठीचे ते कपडे. मुली एकामागून एक चालत आल्या आणि बघायला जमलेल्या मंडळींना हसावं की उठून जावं, तेच कळेना. एकीच्या पाठीवर कुबड. दुसरीच्या कमरेच्या एकाच बाजूला भलंमोठं टेंगूळ. तिसरीचं पोट पुढे आलेलं, पण तेही मधोमध नाही, एका अंगाला. कुणाच्या खांद्याशी गळू यावं तसा फुगवटा. कापड मात्र अगदी घरगुती. त्यातले कितीतरी कपडे चौकड्याचे होते. तिकडे त्याला गिंगम म्हणतात. आपल्याकडे शाळेच्या शर्टाला आणि उशीच्या अभ्र्याला तेच असतं. फरक इतकाच की हे कापड ताणलं जाणारं होतं आणि त्याच्या आत पिसांच्या उशा होत्या.

या कपड्यांना कावाकुबोंनी नाव दिलं होतं, ‘देह भेटे कपड्याला, कपडा भेटे देहाला’. वर्तमानपत्रांनी मात्र त्यांचं बारसं ‘गाठी आणि टेंगळं’ असं करून टाकलं. कुणाला रोगाची गाठ आठवली, कुणाला कुबडा. काही मासिकांनी फोटो काढताना आतल्या उशा चक्क काढून घेतल्या आणि मग राहिलेला सरळ, सडपातळ झगा छापला. या सगळ्या हकिकतीत मला हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. बाईंनी जे सांगितलं होतं तेवढं काढून टाकायचं आणि उरलेलं सुंदर म्हणायचं!

आता तुम्ही म्हणाल, हिंगोली जिल्ह्यातल्या एका कवयित्रीला पॅरिसच्या कुबडाशी काय देणंघेणं? आहे. माझ्या जिल्ह्याचा सर्वांत थोर माणूस जातीनं शिंपी होता. नरसी गाव आमच्या हिंगोलीपासून हाकेच्या अंतरावर. नामदेव महाराजांचं जन्मगाव म्हणून तिथे यात्रा भरते. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांच्या वाणीत सुई-दोरा, गज आणि कात्री येतात. आणि दुसरं कारण घरचं. माझे अब्बा वसमतला शिलाईचं दुकान चालवत. अक्षर बरं म्हणून मापाची वही माझ्याकडे असे. अब्बा गळ्यातली टेप काढत, माणसाभोवती फिरत आणि मला आकडे सांगत. छाती, कंबर, बाही, लांबी. हे सगळं सांगून झालं की थोडं थांबून, आवाज उतरवून एक जास्तीची ओळ सांगत. ‘सीधा खांदा आधा इंच नीचा, लिख ले.’ सीधा म्हणजे उजवा. गिऱ्हाइकाला ते ऐकू जाऊ नये म्हणून तो उतरलेला आवाज.

मोंढ्यातले हमाल आमचे कायमचे गिऱ्हाईक. वसमतचा मोंढा हळदीचा. आयुष्यभर एकाच खांद्यावर पोती वाहिलेल्या माणसाचे दोन खांदे सारखे राहत नाहीत, मानेच्या बुडाशी मांस कठीण होऊन बसतं. अशा माणसाच्या शर्टाचा उतार त्या बाजूला जास्त कापावा लागतो, नाहीतर बगलेत चुणी पडते. पोक आलेल्या म्हाताऱ्याच्या सदऱ्याची पाठ लांब आणि पुढचा भाग आखूड. ढेरीवाल्या व्यापाऱ्याचं उलट. कोट असेल तर उतरत्या खांद्यात थोडा जास्त कापूस भरायचा की झालं, आरशात दोन्ही खांदे एका रेषेत. चांगला शिंपी कोण? तर ज्याचा कपडा घातल्यावर माणसाचं व्यंग दिसत नाही तो. शिंपीकामाचं अर्धं शहाणपण लपवण्यात आहे.

या लपवण्याला युरोपात शास्त्राचं रूप आलं होतं. बाईची कंबर मुठीत मावावी म्हणून देवमाशाच्या तोंडातल्या पट्ट्या घालून केलेल्या काचोळ्या आवळायच्या. घेर मोठा दिसावा म्हणून झग्याखाली पोलादी कड्यांचा पिंजरा बांधायचा. १८५६ नंतर तर तो कारखान्यात बनून घरोघर गेला. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं होत नाहीत तोच, १९४७ मध्ये ख्रिश्चन दिओर यांनी बारीक कंबर आणि फुललेला घागरा पुन्हा आणला आणि जग त्यावर लुब्ध झालं. चीनमध्ये लहान मुलींची पावलं बांधून मोडत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००१ च्या डिसेंबरात या विषयावर एक अख्खं प्रदर्शनच मांडलं होतं. मान, खांदे, छाती, कंबर, पाय अशा एकेका अवयवाला माणसानं कपड्यानं काय काय केलं, ते त्यात दाखवलं होतं.

आपल्याकडे त्या मानानं बरं होतं. नऊवारी लुगड्याला माप नसतं. चौदा वर्षांच्या मुलीला आणि सत्तर वर्षांच्या आजीला तेच नऊ वार. बाळंतपण झालं, अंग सुटलं, म्हातारपणी अंग आटलं, तरी लुगडं बदलावं लागत नाही, निऱ्या बदलतात. कासोटा घातला की चिखलात उतरा, मोटेवर बसा, कुणाची हरकत नाही. इस्से मियाके या दुसऱ्या जपानी कलावंतानं जन्मभर ‘एक सलग कापड आणि एक देह’ यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा ध्यास घेतला. आपल्या आज्यांना ती जागा ठाऊक होती. अलीकडे लग्नात शिवलेली नऊवारी मिळते, मागे चेन लावलेली. तिला मात्र माप आहे, आणि लग्नाआधी दोन महिने नवरी त्या मापात बसायला उपाशी राहते, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे.

कावाकुबो बाई शिवणकाम शिकलेल्याच नव्हत्या. टोकियोच्या केओ विद्यापीठात त्यांनी कला आणि सौंदर्यशास्त्राचा अभ्यास केला. मला वाटतं, लपवण्याची सवय त्यांच्या हाताला लागली नाही, ती यामुळेच. जे माझे अब्बा आवाज उतरवून सांगत, ते या बाईंनी चौकड्याच्या कापडात भरून सगळ्यांसमोर चालवलं.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, अमेरिकेतले नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी तेच कपडे आपल्या नर्तकांसाठी मागून घेतले. नृत्याचं नाव ‘सिनॅरिओ’. नर्तकाला आपला देह कुठे संपतो हे अंधारातही ठाऊक असतं. इथे तर पाठ एक वीत पुढे गेलेली, कंबर एकीकडे वाढलेली. हात खाली आणावा तर मध्ये उशी. शेजारून जावं तर धक्का. म्हणजे त्यांना आपल्या अंगाची हद्द नव्यानं शिकावी लागली. पोटुशी बाई हे महिन्यामहिन्यानं शिकते, उंबऱ्यात दोनदा धक्का लागला की तिसऱ्यांदा आपोआप तिरपी होते. त्याला कुणी नृत्य म्हणत नाही, एवढंच.

या उशांचे फोटो मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिले, तेव्हा मला धक्का असा बसलाच नाही. हे तर मी दरवर्षी पाहते. दिवाळीच्या आगेमागे कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या रस्त्यानं जा. कापसाच्या शेतात बायका वेचणीला लागलेल्या असतात. कमरेला जुन्या लुगड्याची नाहीतर ओढणीची ओटी बांधलेली. सकाळी ती रिकामी, पोटाशी चिकटलेली. तासाभरात मुठीमुठीनं फुगत जाते. मग ती बाई पोटुशी दिसते, मग दोन जिवांची नव्हे तर तीन जिवांची, मग ओटी एका बाजूला कलते आणि तिच्याबरोबर कंबर. उजव्या हातानं जास्त वेचणाऱ्या बाईची ओटी आधी उजवीकडे भरते. ओझं असं कललं की बाई पाठ विरुद्ध बाजूला टाकून तोल धरते. बांधावर जाऊन गाठोड्यावर ओटी रिकामी करते, पुन्हा सडपातळ होऊन तासात शिरते. दिवसातून कितीतरी वेळा हे पोट येतं आणि जातं. मजुरी किलोवर असते, म्हणून पोट जितकं मोठं तितकं बरं.

आणि अंगावर काय असतं? लुगडं किंवा पातळ, आणि त्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. उन्हासाठी, कापसाच्या बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडतात त्यासाठी, कधी फवारणीचा वास अंगाला लागू नये म्हणून. खांद्याची शिवण दंडावर आलेली, कॉलर वर केलेली, डोक्याला दस्ती. ऊस तोडायला बाहेर जाणाऱ्या बायकांचाही हाच वेष. कावाकुबो बाईंनी १९६९ मध्ये आपल्या कपड्यांना जे नाव घेतलं ते फ्रेंच आहे, ‘कॉम दे गार्सों’. अर्थ, पोरांसारखं. नवऱ्याचा शर्ट घातलेली आमची वेचणारीण या नावावर अधिक हक्क सांगू शकते.

मी एकीला म्हटलंही, ‘बायांच्या मापाचा एक शिवून घे की, भावाच्या दुकानात स्वस्तात सांगते.’ ती म्हणाली, ‘मापाचा शिवल्यावर ओटी कुठं बांधू, आपा?’

इथे मला पॅरिसच्या बाईंशी थोडं भांडायचं आहे. उशी रात्री काढून ठेवता येते. तो झगा घालणारी मुलगी घरी जाऊन सरळ होते. हमालाचा खांदा रात्री सरळ होत नाही. कापूस वेचून आणि ऊस वाहून जी पाठ वाकते ती लग्नाच्या दिवशीही तशीच असते. ते कपडे विकतही मूठभर श्रीमंतांसाठीच होते. तरीही मी त्यांना थट्टा मानत नाही. कारण त्या दिवशी सभागृहात जो अस्वस्थपणा पसरला तो कपड्याबद्दल नव्हता. सरळ नसलेल्या अंगाकडे बघताना आपल्याला जे वाटतं, ते प्रेक्षकांना स्वतःतच सापडलं. आपण बसमध्ये कुबड आलेल्या माणसाकडे कसं बघतो? आधी बघतो, मग पटकन खिडकीबाहेर.

याच दिशेनं लंडनच्या अलेक्झांडर मॅक्वीननं आणखी एक पाऊल टाकलं. हा टॅक्सी चालवणाऱ्या बापाचा मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून लंडनच्या नामांकित शिंप्यांकडे कोट शिवायला शिकला, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. त्यानं १९९८ च्या सप्टेंबरात एमी मलिन्स या अमेरिकन धावपटूला आपल्या कपड्यांत चालवलं. एमीचे दोन्ही पाय ती एक वर्षाची असताना गुडघ्याखाली कापावे लागले होते. १९९६ मध्ये अटलांटाच्या पॅरालिम्पिकमध्ये ती कृत्रिम पायांवर धावली होती. मॅक्वीननं तिच्यासाठी लाकडाचे पाय कोरून घेतले, वेलबुट्टीचे, मंदिराच्या खांबावर असते तशी नक्षी. बघणाऱ्यांतल्या अनेकांना वाटलं, काय सुंदर बूट आहेत! ते बूट नव्हते, पाय होते.

आपल्या देशात १९६८ साली जयपूर फूट तयार झाला. डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर, या दोघांचं ते काम. तो पाय खऱ्या पावलासारखा दिसतो, त्यावर उकिडवं बसता येतं, चिखलात अनवाणी चालता येतं. आमच्या शेतकऱ्याला तोच हवा; वेलबुट्टीचा पाय घेऊन तो कुठे जाणार? पण पाय खऱ्यासारखा दिसलाच पाहिजे असं नाही, तो उघड लाकडाचा असूनही देखणा असू शकतो, ही कल्पना मला फार धीर देणारी वाटते. पोलिओ झालेली माझ्या वयाची पिढी गावोगाव आहे. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, पण ती मुलं आता पन्नाशीत आहेत. वहीत त्यांच्या पँटची दोन मापं असत, डावा पाय वेगळा, उजवा वेगळा. शिवाय बारीक पायाचं कापड वाऱ्यानं चिकटू नये म्हणून अब्बा त्या बाजूला जाड अस्तर घालत. गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्याच्या पँटला मांडीवर त्याच जागी कापड विरतं, तिथे आतून दुहेरी तुकडा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. रेडिमेड आल्यावर ही मंडळी काय करतात? बहुतेक जण आखूड पाय आत दुमडून टाका घालून घेतात.

हुसेन चलायन या नावाचा एक कलावंत आहे. जन्म १९७०, सायप्रस बेटावरचा, तुर्की बोलणाऱ्या घरातला. त्या बेटावर दोन समाजांत फूट पडली, माणसं घरं सोडून पळाली. २००० सालच्या फेब्रुवारीत लंडनच्या एका रंगमंचावर त्यानं एक बैठकीची खोली मांडली. खुर्च्या, मध्ये लाकडी गोल मेज. चार मुली आल्या, खुर्च्यांचे अभ्रे काढले आणि अंगात घातले. ते कपडे होते. खुर्च्यांच्या घड्या होऊन पेट्या झाल्या. शेवटी एक मुलगी मेजाच्या मधोमध उभी राहिली, त्याची कडी वर उचलली, आणि मेज तिच्या कमरेला घागरा होऊन बसलं. घर रिकामं झालं.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा, आणि त्याच्या आधी रझाकारांच्या काळातही, इथे दोन्हीकडच्या लोकांनी घरं सोडली. माझी दादी लुगडंच नेसायची. ती दोन लुगडी एकावर एक नेसून निघाली आणि आतल्याच्या ओच्यात चांदीचे तोडे होते, असं अम्मी सांगायची. जाड झालेली ती बाई रस्त्यानं चालू शकत नव्हती. घर अंगावर घेतलं की अंग बदलतंच.

आमच्या जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांनी तर हे पिढ्यान् पिढ्या केलं. बैलांवर मीठ-धान्य लादून देशभर फिरणारा समाज. तिजोरी ठेवणार कुठे? ती फेटियावर, कांचळीवर आणि ओढणीवर शिवली. नाणी, आरसे, कवड्या. केसांतून लोंबणाऱ्या घुगऱ्या, मनगटापासून दंडापर्यंत बलिया. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्या काळातल्या काही बंजारा स्त्रियांचं वर्णन आहे: केसांत लाकडी शिंग उभं बांधायचं आणि ओढणी त्यावरून घ्यायची. डोक्याचा आकारच बदलून जायचा. दुरून येणारी बाई कोण आहे ते माळरानावर आधी त्या शिंगावरून कळत असणार. तांड्यावरच्या आजच्या मुली साडी आणि पंजाबी ड्रेस घालतात, पूर्ण पेहराव होळीला नाहीतर एखाद्या कार्यक्रमात दिसतो. वजन होतं म्हणतात. बरोबर आहे, शाळेच्या बाकावर ते घालून बसता येणार नाही.

चलायनची एक गोष्ट मात्र मला पटली नाही. १९९८ च्या हंगामासाठी त्यानं चादर पांघरलेल्या बायका एका रांगेत उभ्या केल्या. पहिलीची चादर पायापर्यंत, पुढचीची आखूड, त्यापुढची आणखी आखूड, आणि एकीच्या चेहऱ्यावर फक्त झाकण, बाकी अंगावर काही नाही. मला विचाराल तर रांगेतल्या सगळ्याच बायकांची लांबी दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली होती. झाकलेलीचीही आणि उघडीचीही. मुसलमान बाई म्हटलं की लोक तिच्या कापडाची लांबी मोजायला टेप घेऊनच येतात, घरचेही आणि बाहेरचेही. त्या कलावंतानं टेप काढली ती नवी होती, एवढंच. कावाकुबो बाईंच्या कुबडात मला जो मोकळा श्वास मिळतो तो इथे मिळाला नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शाखेनं, आता तिला सामुदायिक विज्ञान म्हणतात, शेतात राबणाऱ्या बायकांचे श्रम कमी व्हावेत म्हणून साधनांवर आणि कपड्यांवर काम केलेलं आहे. ते शेतापर्यंत फार थोडं पोचलं. दुसरीकडे मुंबईसारख्या शहरांतून फॅशनचं शिक्षण घेणारी मुलं मराठवाड्यात येतात ती पैठणी आणि हिमरू बघायला. कापड बघतात, माग बघतात, फोटो काढतात, जातात. त्यांच्यातल्या एखादीनं कार्तिकात आमच्याकडे चार दिवस राहावं. वेचणारीच्या मागे तासातून चालावं. ओटीची गाठ कमरेच्या नेमक्या कुठल्या हाडावर बसते, भरल्यावर ती किती बोटं खाली सरकते, वाकताना शर्टाची कितवी गुंडी उघडी ठेवावी लागते, पाठ कुठे पहिल्यांदा ओली होते, हे वहीत लिहून घ्यावं. जेवायच्या सुट्टीत बाया ओटी सोडून बसतात, तेव्हा कमरेवर गाठीचा वळ दिसतो. तोही मोजून घ्यावा. राहायची सोय माझ्या घरी होईल.